विलीज वॅगनचे सुटे भाग कुठे गेले

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलँड कारखान्यातून १९४६ च्या उन्हाळ्यात एक नवी गाडी बाहेर पडू लागली. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर तिची ओळखपट्टी असे आणि पट्टीवरचा अनुक्रमांक ४६३ या आकड्यांनी सुरू होई. चार सिलिंडर, ६३ अश्वशक्ती, इतका साधा तो हिशेब. अशी एखादी स्टेशन वॅगन आज कुणाच्या जुन्या शेडमध्ये किंवा भंगारवाल्याच्या आवारात सापडली, की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिचे ओरिजनल पार्ट मिळणार कुठे? या प्रश्नाचं उत्तर दुकानदारापेक्षा कागद अधिक नेमकं देतात, असं माझं ठाम मत आहे. या गाडीचा कोणता भाग दुर्मीळ आहे आणि कोणता अजूनही नव्यासारखा मिळतो, हे नशिबावर ठरलेलं नाही. तो भाग कुणी काढला, आणखी कोणत्या गाडीत तो बसत होता आणि त्याचं उत्पादन पुढे कोणत्या देशात चालू राहिलं, यावर ते ठरलं.

सुरुवात युद्धातली आहे. ब्रुक्स स्टीव्हन्स हा मिलवॉकीचा औद्योगिक डिझायनर. युद्ध संपल्यावर सामान्य माणसाला कोणती मोटार मिळेल, याची कल्पना त्याने ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात १९४२ सालीच मांडली होती, आणि त्या कल्पनेचा पाया होता जीपचा सांगाडा. विलीजने पुढे त्यालाच कामाला लावलं. कंपनीची अडचण मोठी होती. बॉडी तयार करणारे मोठे कारखाने इतरांच्या कामात गुंतलेले, विलीजजवळ स्वतःची तशी सोय नाही. म्हणून पत्रा दाबण्याचं काम घरगुती उपकरणं बनवणाऱ्या प्रकारच्या कारखान्यांकडून करून घ्यायचं ठरलं. त्यांच्या प्रेसला पत्रा सहा इंचांपेक्षा खोल ओढता येत नव्हता. स्टीव्हन्सने सगळी गाडी या सहा इंचांच्या मर्यादेत बसवली.

ही गोष्ट गाड्यांच्या पुस्तकांत गमतीचा किस्सा म्हणून येते. जीर्णोद्धार करणाऱ्याने मात्र ती कामाची माहिती म्हणून वाचावी. त्याच काळातल्या इतर अमेरिकन मोटारींचे फुगीर, गोलाईदार मडगार्ड हाताने ठोकून पुन्हा उभे करणं फार अवघड असतं. विलीज वॅगनच्या बाजू उथळ, दारं सपाट, खिडक्यांच्या काचा सपाट. समोरची काचही दोन सपाट तुकड्यांची. त्यामुळे कुजलेल्या दाराचा खालचा पट्टा किंवा फ्लोअरचा पत्रा चांगला पत्राकाम करणारा मिस्त्री कार्डबोर्डवर माप काढून तयार करू शकतो, आणि काच कापून घेण्यासाठी परदेशी पत्रव्यवहार करावा लागत नाही. १९४५ सालच्या टंचाईने या गाडीला जो आकार दिला, त्याच आकारामुळे आज तिची बॉडी वाचते. काचेभोवतीचं रबर आणि सरकत्या काचेची चॅनेल यांना हे लागू नाही. रबर सत्तर वर्षांत दगडासारखं होतं आणि त्याचा छेद हुबेहूब जुळल्याशिवाय पाणी थांबत नाही. वॅगनवाले लोक इंजिनापेक्षा रबरापायी जास्त दमतात.

बाहेरून ही गाडी लाकडाची वाटावी अशी रंगवलेली असे. सुरुवातीला एकच रंगसंगती मिळे: ‘लुझॉन रेड’ नावाचा गडद तांबडा आणि बाजूंच्या चौकटींत क्रीम व तपकिरी. लाकडी वॅगनची सवय असलेल्या गिऱ्हाइकासाठी ती तडजोड होती. पत्र्यात दाबलेल्या त्या चौकटी म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. नवा पत्रा लावताना त्या सपाट करून टाकल्या, तर गाडीची मूळ कल्पनाच पुसली जाते, आणि असं केलेल्या गाड्या पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटतं.

‘पहिली पूर्ण पोलादी स्टेशन वॅगन’ हे या गाडीचं बिरुद तपासून घ्यायला हवं. शेवरलेची सबर्बन १९३५ पासून धातूच्या बॉडीत मिळत होती, पण ती ट्रकच्या चासीवर होती. विलीज वॅगनची चासीही जीपच्या घराण्यातली. तेव्हा ‘कुटुंबाने वापरायची म्हणून मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली पोलादी वॅगन’ इतकं म्हणता येतं, त्याहून जास्त नाही. विक्रीची पत्रकं याहून मोठा दावा करतात. विक्रीचं पत्रक आणि पार्ट्सची यादी हे दोन्ही कंपनीचेच कागद, पण त्यांची साक्ष सारख्या वजनाची नसते. पत्रकातली गाडी चित्रकाराने काढलेली असते; तो तिची लांबी वाढवतो, चाकं मोठी करतो, जास्तीच्या पैशांत मिळणारी चमकदार पट्टीही सरसकट दाखवतो. पार्ट्सच्या यादीवर मात्र कारखान्यातल्या आणि डीलरकडच्या स्टोअरकीपरचा रोजचा धंदा चालायचा. तीत चूक असली तर चुकीचा माल जायचा आणि परत यायचा. म्हणून अमुक अनुक्रमांकापर्यंत हा भाग, त्यापुढच्या गाड्यांना तो भाग, असे शेरे त्या यादीत येतात. आपल्या गाडीच्या पट्टीवरचा आकडा घेऊन त्या शेऱ्यांपाशी बसलं, की पुष्कळ वाद मिटतात.

आता इंजिन. ४६३ मधलं इंजिन म्हणजे युद्धातल्या जीपचंच ‘गो-डेव्हिल’, एल-१३४: १३४ घन इंच, म्हणजे २.२ लिटर; बोअर ३.१२५ इंच, स्ट्रोक ४.३७५ इंच. युद्धात विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार जीप बांधल्या. दोन्हींत हेच इंजिन होतं, आणि अमेरिकन लष्कराने त्यांच्या सुट्या भागांची एकत्र यादी जी-५०३ या क्रमांकाखाली छापली होती. लष्कराला एकेका गाडीमागे पुढच्या कित्येक दुरुस्त्यांचा साठा लागत असे. त्यामुळे युद्ध संपलं तेव्हा मेणकागदात गुंडाळलेले, ग्रीस लावलेले भाग खोकीच्या खोकी भरून उरले. अमेरिकन फौज भारतातून गेली तेव्हा त्यांतला पुष्कळ माल इथेच राहिला आणि ‘डिस्पोजल’ या नावाने बाजारात आला. जुन्या पिढीतल्या मिस्त्रींच्या तोंडी हा शब्द अजून आहे. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात डिस्पोजलचा माल म्हणून काही दाखवलं गेलं, तर दुर्लक्ष करू नये. मात्र दाखवणाऱ्याच्या शब्दावर विसंबूही नये.

विसंबायचं ते धातूवरच्या खुणेवर. फोर्डने आपल्या जीपच्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, स्वतःचं ‘एफ’ हे अक्षर ठसवलं होतं. तसा बोल्ट वॅगनला छान बसेल आणि वर्षानुवर्षं काम देईल, पण टोलेडोच्या कारखान्यातून निघालेल्या वॅगनमध्ये तो मुळात नसणार. सांगणाऱ्याने ‘पूर्ण ओरिजनल’ म्हटलं आणि बॉनेट उघडल्यावर जागोजागी ‘एफ’ दिसला, तर गाडीचं इंजिन कधीतरी लष्करी मालातून भरलं गेलं, असा निष्कर्ष काढता येतो. त्यात कमीपणा काही नाही. ती त्या गाडीच्या आयुष्याची नोंद आहे, फक्त ती तशी लिहून ठेवायला हवी.

जीपशी इतकं जवळचं नातं असलेल्या या गाडीचा पुढचा सस्पेन्शन मात्र जीपचा नाही, आणि खरी अडचण तिथे येते. बार्नी रूस या विलीजच्या इंजिनीअरने दोन चाकांवर चालणाऱ्या वॅगनसाठी पुढे आडवा, एकच पाट्यांचा जुडगा घालून दोन्ही चाकं स्वतंत्र हलतील अशी रचना केली. तिला ‘प्लॅनाडाइन’ म्हणत. लष्करी जीपमध्ये ती नव्हती, नागरी सीजे जीपमध्येही नव्हती. म्हणून तिचे बुश, पिन, आर्म यांचा साठा कधी जमलाच नाही. याउलट १९४९ साली चारही चाकांना जोर देणारी ४×४६३ आली तेव्हा तिच्यात पुढे जीपच्या धाटणीचा अखंड अॅक्सल गेला. परिणाम उलटा वाटेल असा झाला. कंपनीने जास्त किंमत घेऊन विकलेली फोर-व्हील वॅगन आज खालून उभी करणं सोपं, आणि साधी, स्वस्त टू-व्हील वॅगन अवघड. गाडी घेताना फोर-व्हीलसाठी चढा भाव मागणारे विक्रेते हे सांगत नाहीत.

१९५० पासून इंजिनं बदलू लागली आणि तिथून पार्ट्सच्या वाटा वेगवेगळ्या देशांत गेल्या. माझ्या दृष्टीने या सगळ्या कागदपत्रांतला सर्वांत रोचक भाग हाच आहे.

चार सिलिंडरच्या जुन्या ब्लॉकवर नवं हेड आलं. इनटेक व्हॉल्व्ह वर, एक्झॉस्ट बाजूला. बोअर-स्ट्रोक तेच, अश्वशक्ती ७२. हे ‘हरिकेन’, एफ-१३४. वॅगनच्या मॉडेलचं नावही आता ४७३ झालं. हेडमुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्यासाठी जीपचं बॉनेट उंच करावं लागलं, तीच सीजे-३बी. आपल्याकडच्या रस्त्यांवर, सिनेमांत, पोलीस ठाण्यांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली उंच नाकाची जीप ती हीच. १९४५ साली लुधियान्यात सुरू झालेली आणि १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र हे नाव घेतलेली कंपनी मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीप जुळवू लागली. १९४९ सालची पहिली खेप ७५ गाड्यांची होती. पुढे जुळणीची जागा उत्पादनाने घेतली आणि अमेरिकेने ही उंच जीप १९६० च्या दशकात सोडून दिल्यावरही भारतात ती बनत राहिली. साहजिकच हरिकेनचे व्हॉल्व्ह, गाइड, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, वॉटर पंप हे सगळं इथे अनेक दशकं नवं निघत होतं. अमेरिकेतल्या सीजे-३बी मालकांनी भारतीय माल मागवून आपल्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्याचं कारण हेच. ४७३ वॅगनच्या मालकाने टोलेडोकडे डोळे लावून बसण्याआधी मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या गल्ल्या पालथ्या घालाव्यात. तिथे ‘वॅगनचा पार्ट’ म्हणून विचारलं तर नकार येईल; ‘पेट्रोल जीप, हरिकेन’ म्हणून विचारावं.

सहा सिलिंडरवाल्यांची वाट ब्राझीलकडे जाते. विलीजचं सर्वांत लहान सहा सिलिंडर इंजिन १४८ घन इंचांचं होतं. ते १९४८ साली आलं आणि थोड्याच वर्षांत मागे पडलं. त्याचा वारस कुणी नाही, त्यामुळे ते इंजिन असलेल्या वॅगनची माझ्या मते सर्वांत कठीण परीक्षा असते. त्याच्या जागी आलेलं १६१ घन इंचांचं इंजिन मात्र नशीबवान ठरलं. साओ बर्नार्दो दो काम्पो इथल्या विलीज-ओव्हरलँड दो ब्राझीलने त्याची वरच्या व्हॉल्व्हची आवृत्ती आपल्या एरो-विलीज मोटारीत आणि वॅगनच्या ब्राझिली भावंडात, ‘रुराल’मध्ये बसवली. १९६७ साली फोर्डने ती कंपनी घेतली, तरी रुराल १९७७ पर्यंत निघत होती. टोलेडोची वॅगन बंद होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. फक्त एक सावधगिरी हवी: १९६० च्या सुमारास रुरालचा पुढचा चेहरा स्टीव्हन्सनेच नव्याने आखला. तेव्हा इंजिनाचे भाग तिकडून येतील. ग्रिल आणि बॉनेट मागवलं तर दुसऱ्याच गाडीचं तोंड घरी येईल.

आणखी मोठं इंजिन, २२६ घन इंचांचं, विलीजचं नव्हतंच. १९५३ साली हेन्री कायझरच्या उद्योगसमूहाने विलीज-ओव्हरलँड विकत घेतली, आणि कायझरच्या मोटारींत वापरलं जाणारं, मुळात काँटिनेंटल कंपनीच्या घराण्यातलं हे ११५ अश्वशक्तीचं इंजिन १९५४ पासून वॅगनमध्ये आलं. लगेच पुढच्या वर्षी कायझरने अमेरिकेत मोटारी बनवणं थांबवलं आणि अर्जेंटिनाच्या सरकारशी करार करून कोर्दोबाजवळ सांता इसाबेल इथे ‘इंडुस्ट्रियास कायझर अर्हेंतिना’ उभी केली. तिथे १९५७ ते १९७० या काळात ‘एस्तान्सिएरा’ या नावाने हीच वॅगन, याच २२६ इंजिनासह बनत होती. अमेरिकेत १९६२ साली वॅगनला दिलेलं ‘टोर्नेडो’, म्हणजे माथ्यावर कॅमशाफ्ट असलेलं २३० घन इंचांचं इंजिन, तिथे फार टिकलं नाही. अर्जेंटिनात मात्र १९६६ साली आलेल्या ‘टोरिनो’ मोटारीत ते पुढची कित्येक वर्षं चाललं आणि शर्यतींत नावाजलं. तेव्हा १९५६ ची २२६ वॅगन आणि १९६३ ची टोर्नेडो वॅगन, दोघींसाठी पत्ता एकच: कोर्दोबा. ब्युनोस आयर्सच्या जुन्या पार्ट्सवाल्यांशी स्पॅनिशमध्ये पत्रव्यवहार करायची तयारी ठेवावी.

एवढं झाल्यावर उरतं ते खरोखर दुर्मीळ. ज्याला जीप, ट्रक, ब्राझील, अर्जेंटिना, माझगाव यांपैकी कुणीही वारस मिळाला नाही असं सामान. विलीजचा पिकअप ट्रक १९४७ पासून वॅगनचंच बॉनेट, मडगार्ड आणि ग्रिल वापरत होता. म्हणून पुढचा भाग कापलेल्या ट्रकवरून मिळतो. ट्रकच्या केबिनमागे वॅगनचं काहीच नाही. मागच्या बाजूचे पत्रे, मागचा दोन भागांत उघडणारा दरवाजा, त्याचे बिजागर, कड्या, मागच्या सीटचे पाय: हे फक्त वॅगनवरूनच येऊ शकतं, आणि तिथेच पाणी साचून गाडी सर्वांत आधी कुजते. ग्रिलचीही कालगणना पाहावी लागते. १९४९ पर्यंतचा चेहरा जीपसारखा उभ्या फटींचा. १९५० साली मधोमध किंचित पुढे आलेलं ग्रिल आलं, त्यावर पाच आडव्या क्रोम पट्ट्या. १९५४ पासून तीन. पाच पट्ट्यांचं ग्रिल अशा रीतीने चारच वर्षं निघालं, आणि पट्ट्या पोचायला एक धडक पुरते. १९५१ च्या गाडीवर तीन पट्ट्या दिसल्या तर गाडी खोटी ठरत नाही. तिला कधीतरी पुढून मार बसला आणि गॅरेजवाल्याने त्या वेळी मिळालं ते ग्रिल लावलं, एवढंच त्यातून समजतं. १९६० पासून समोरची काच एकसंध झाली, ही आणखी एक सोपी खूण.

कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही तेव्हा कुणाचं खरं मानायचं, याचाही क्रम ठरवून घ्यावा. माझा क्रम असा आहे: कारखान्याची ओळखपट्टी आणि चासीवरचा आकडा पहिले, त्यांच्याशी ताडून पार्ट्सच्या यादीतले शेरे, मग इंजिनावरचा क्रमांक, मग आरसी बुक, आणि सर्वांत शेवटी घराण्यात चालत आलेली हकिकत. इंजिन क्रमांक तिसरा का? कारण ही इंजिनं आपसांत सहज बदलता येतात आणि पन्नास-साठ वर्षं धावलेल्या गाडीत ती बदललीच गेली असणार, असं धरूनच चालावं. आरसी बुकातलं साल पुष्कळदा गाडी विकली वा नोंदवली गेली तेव्हाचं असतं, बांधली गेली तेव्हाचं नाही. शोरूममध्ये वर्षभर पडून राहिलेली गाडी कागदावर वर्षाने तरुण होते. पट्टी मात्र चार स्क्रूंवर बसवलेली असते आणि तीही उचलून दुसऱ्या गाडीवर लावता येते. म्हणून स्क्रूंची डोकी आणि पट्टीखालच्या रंगाचे थर पाहिल्याशिवाय पहिल्या क्रमांकाच्या साक्षीदारावरही भरवसा ठेवू नये.

हा सगळा खटाटोप निव्वळ हौसेचा आहे, असं म्हणून तो झटकता येणार नाही. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ ही वेगळी नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबर प्लेटसह. गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. त्या मूळ रूपाचा पुरावा कोण देणार? वर सांगितलेले कागदच. दुसरीकडे, जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, ट्युरिनमध्ये २०१२ साली स्वीकारलेली सनद नवे भाग वापरायला मनाई करत नाही. नवा भाग नवा म्हणून ओळखू यावा आणि केलेल्या कामाची नोंद राहावी, हा तिचा आग्रह आहे. मला ही भूमिका पटते. दुर्मीळ भाग मिळाला नाही म्हणून गाडी गंजू देणं चूक, आणि लेथवर कातून घेतलेला बुश टोलेडोचा म्हणून खपवणं त्याहून मोठी चूक. पुढच्या माणसाची त्यात फसवणूक होते आणि त्याच्यासाठी पुरावाच बिघडतो.

म्हणून प्लॅनाडाइनचा बुश इथे करून घ्याल तेव्हा त्याच्या न दिसणाऱ्या कडेवर साल आणि गावाची खूण ठसवा. जुना झिजलेला बुश फेकू नका. माप घेऊन, चिठ्ठी बांधून ठेवा. ज्या पत्र्यावरून चौकटीचा आकार उतरवला त्याचा कार्डबोर्डही ठेवा. कोर्दोबाहून आलेल्या गॅस्केटचं खोकं, ऑपेरा हाऊसच्या दुकानाची पावती, भंगारात मिळालेल्या बिजागराचा काढण्याआधीचा फोटो, हे सगळं एका फायलीत लावा आणि गाडी विकाल त्या दिवशी ती फाईल चावीबरोबर द्या.